अकरा सुया

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता हणमंतराव उमरीकर अंबरपेठच्या घरात मंगलाष्टकांचा छापील कागद तपासत बसले होते, आणि त्यात एकही चूक सापडत नव्हती म्हणून बेचैन झाले होते.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी सुलतान बाजारच्या छापखान्यात गौसमियाँ एकेक खिळा जुळवून मंगलाष्टकं लावायचे. गौसमियाँना मराठी फर्डं बोलता येई, वाचता मात्र येत नसे. अक्षरांच्या आकृत्या ओळखून ते काम भागवत. एकदा त्यांनी वधूच्या जागी वराच्या आत्याचं नाव लावलं. भर मांडवात त्या नावानं मंगलाष्टक म्हटलं गेलं, आणि आत्याबाई पुढे वर्षभर प्रसन्न होत्या. गौसमियाँ गेले, खिळे वितळले, आणि आता कोपऱ्यावर डीटीपीचं दुकान निघालं होतं. त्या दुकानानं चारशे प्रती बिनचूक काढून दिल्या होत्या. गुलाबी कागद, कडेनं वेलबुट्टी, आणि तळाशी ठळक अक्षरांत: ‘रचना – श्री. हणमंतराव उमरीकर’.

बेचाळीस वर्षं ही ओळ छापली जात होती. हैदराबादेत मराठी माणसाचं लग्न ठरलं की आधी हॉल बघत, मग हणमंतराव. तीनशेच्या वर लग्नं त्यांच्या मंगलाष्टकांवर लागली होती. त्यातली टिकली किती हा प्रश्न वेगळा. ती जबाबदारी कवीची नसते. मंगलाष्टकाची कडवी आठ. पहिल्यात गणपती, दुसऱ्यात कुलदैवत, तिसऱ्यात नद्या, चौथ्यात दोन्ही आडनावं. पुढे सहावं, सातवं, आठवं आशीर्वादाचं. या सात कडव्यांना हैदराबादेत आजवर कोणीही रडलेलं नव्हतं. रडत ते पाचव्याला. घरी आमंत्रण घेऊन येणारा माणूस चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणायचा, “बाकी तुमच्या मर्जीनं लिहा हणमंतराव, पाचवं तेवढं तेच ठेवा हां.”

आणि ते पाचवं तेवढं हणमंतरावांचं नव्हतं.

“आजोबा, रेड थ्रेड किती आणि ग्रीन किती?” नात त्रिवेणीनं आतून विचारलं.

“आजीला विचार. शास्त्र तिच्याकडं.”

त्रिवेणी बैठकीच्या खोलीत चटईवर पूर्वेला तोंड करून बसली होती. पुढ्यात सुयांचं पाकीट, दोन रिळं आणि पांढऱ्या कापडाची घडी. ओवलेली सुई त्या घडीत टोचायची, अशा अकरा, आणि मग ती घडी आईच्या ओटीत घालायची. हैदराबादच्या मराठी घरांत लेक सासरी निघण्याआधी हे करतेच. साठ-एकसष्ट साली कुणा वधूनं पाचवं कडवं आधी वाचून हौसेनं खऱ्याच अकरा सुया ओवल्या. पुढच्या वर्षी तिघींनी. दहा वर्षांत त्याची रीत झाली आणि वीस वर्षांत तिला शास्त्र फुटलं. लाल दोऱ्याच्या पाच, हिरव्याच्या सहा. सुतक असेल तर सुया मावशीनं ओवायच्या. शेजारच्या तेलुगू घरांतूनसुद्धा आताशा दोघी-तिघी सुया नेऊ लागल्या होत्या. हे सगळं वाढताना हणमंतराव बघत आले होते, आणि प्रत्येक वेळी तोंडात सुपारी धरून गप्प बसले होते.

फाटकाशी रिक्षा थांबली. व्याही किशोरराव उतरले, आणि त्यांनी हात देऊन आपल्या आईला, इंदुताईंना, उतरवलं. पुण्याची मंडळी विद्यानगरला एका गेस्टहाउसात उतरली होती. नवरामुलगा अमेय आपल्या आईला घेऊन चारमिनारला मोत्यांच्या मागे लागला होता. तो कॉम्प्युटरवाला, दिवाळीनंतर अमेरिकेला जायचा होता, म्हणून त्रिवेणीच्या सुया उद्या जिच्या ओटीत पडतील ती तिची आई, हणमंतरावांची सून मेधा, सकाळपासून मुलीशी नको इतकी गोड बोलत होती.

चहा आला. उस्मानिया बिस्किटं आली. किशोररावांनी उन्हाची तारीफ केली, कारण दुसऱ्या कशाची करावी हे अजून ठरलं नव्हतं. इंदुताई सत्तरीच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा. त्यांचं लक्ष चटईकडे गेलं आणि कप ओठापाशीच राहिला.

“ही काय करते आहे?”

“सुया ओवतेय आजी,” त्रिवेणी म्हणाली. “इलेव्हन. आमच्याकडे कंपल्सरी असतं.”

“पूर्वापार आहे आमच्याकडं,” हणमंतरावांच्या पत्नी पद्मावतीबाईंनी बशी पुढे केली. “लेक जाते, मग आईला सुई कोण ओवून देणार? म्हणून आधीच ओवून ठेवायच्या.”

“तुम्ही ओवल्या होत्या का, तुमच्या लग्नात?”

पद्मावतीबाई अडखळल्या. “माझ्या टायमाला... नव्हतं बाई हे.”

“म्हणजे पूर्वापार तुमच्यानंतर सुरू झालं.”

किशोरराव हसले. हणमंतराव हसले नाहीत. त्यांना काळ्या चष्म्यामागचं काही दिसत नव्हतं, तरी उगाच कॉलरचं बटण लावावंसं वाटलं.

“मंगलाष्टकातच आहे की ते,” मेधा उत्साहानं म्हणाली. “नानांचं पाचवं कडवं. अख्खं हैदराबाद रडतं. त्रिवेणी, वाचून दाखव आजींना.”

त्रिवेणीनं कागद घेतला. तिचं मराठी वाचन म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्यावरून सायकल. “सां-जे-ला... अकरा... सु-यां-त भरले... दोरे तुझ्या हा-तु-नी...”

ती श्वास घ्यायला थांबली, आणि पुढची ओळ इंदुताईंनी म्हटली. चालीवर, कप हातात तसाच धरून:

“आईला दिसते कमी म्हणुनिया केलीस ही मांडणी.”

“वॉव!” त्रिवेणी म्हणाली. “आजींना पाठ आहे!”

“बघा नाना!” हणमंतरावांचा मुलगा दिलीप खूश झाला. “तुमचं कडवं पुण्यापर्यंत पोचलं!”

“पोचलं नाही,” इंदुताई म्हणाल्या. त्यांनी कप खाली ठेवला. “माझ्याकडून निघालं होतं.”

किशोररावांनी सावरून घ्यायचा प्रयत्न केला. “आई, होतं असं कधीकधी. दोघांना एकच कल्पना सुचते.”

“कल्पना नव्हती ती, किशोर.”

“नाना, जरा आत येता का?” दिलीप म्हणाला. “ते... गॅसचं बघायचंय.”

गॅसला काही झालं नव्हतं. स्वयंपाकघरात दिलीपनं दार लोटलं. “नाना, खरं सांगू नका, एवढंच सांगतो.”

“खरं काय ते तुला ठाऊक आहे का?”

“नाही, आणि मला ते नक्को. उद्या लग्न आहे. ‘पारंपरिक आहे, आमच्या आजीकडून ऐकलं’ म्हणा. पारंपरिक म्हटलं की मालक राहत नाही. कोण तपासायला जातंय?”

हणमंतरावांना हा शब्द ओळखीचा होता. बेचाळीस वर्षांत कितीदा तरी त्यांनी तो खिशात हात घालून चाचपून पाहिला होता. बिनमालकीचा, मऊ शब्द. वाईट इतकंच, की ‘पारंपरिक’ म्हणावं तर तळाशी स्वतःचं नाव छापता येत नव्हतं.

“तिकडं अमेरिकेनं आपल्या कडुनिंबाचं पेटंट घेतलंय,” दिलीप म्हणत होता, “आणि इथं तुम्ही एका कडव्यासाठी...”

“आपण त्या गोष्टीतली अमेरिका आहोत, दिलीप,” हणमंतराव म्हणाले.

मोरीशी पद्मावतीबाई कप विसळत होत्या. त्यांनी पाठ न वळवता विचारलं, “बोलले का त्यांना? का अजून गॅसच बघूलालात?”

“तुला काय माहीत आहे?”

“बेचाळीस वर्षं झाली. ज्या माणसाला या घरात सुई कुठं असते हे ठाऊक नाही, त्यानं ते कडवं लिहिलं, यावर माझा एक दिवस विश्वास बसला नाही.”

“मग बोलली कामून नाहीस?”

“नद्यांचं कडवं तुमचं आहे ना? त्याच्यावर नांदले मी.” त्यांनी नळ बंद केला. “पण कुणाचं तरी असंल, हे वाटायचं. आज ती बाई बैठकीत बसली आहे. जावा.”

चौपन्न सालचा वैशाख. तेव्हा परभणी, नांदेड आणि हैदराबाद एकाच राज्यात होती, आणि सहकार खात्याचा तरुण कारकून हणमंतराव दौऱ्यावर असताना पूर्णा जंक्शनवर गाडीची वाट बघत फुटाणे खात होता. फुटाण्यांची पुडी गुलाबी कागदाची होती. शेवटचा फुटाणा संपला आणि कागद उलगडला. दोन दिवसांनी हेडक्लार्कच्या बहिणीचं लग्न होतं आणि मंगलाष्टकं त्यानं लिहायची होती. सात कडवी झाली होती, आठवं येत नव्हतं. पुडी कुणाच्या तरी छापील मंगलाष्टकांची होती, त्यातलं एकच कडवं शाबूत होतं. खाली लिहिलं होतं: ‘वधूची थोरली बहीण इंदू, परभणी.’ त्यानं ते तीनदा वाचलं. गाडी आली आणि गेली. त्याला दुसरी धरावी लागली. नुसतं ‘इंदू’ म्हणजे काही पत्ता नव्हे, असं त्यानं स्वतःला समजावलं. कडवं पाचव्या जागी घातलं, मधोमध, दोन्ही बाजूंनी झाकलं जावं म्हणून. तिसऱ्या ओळीतलं नाव काढून तिथं हेडक्लार्कची बहीण बसवली. त्या दिवशी मांडवात बाया रडल्या, आणि सुलतान बाजारापर्यंत त्याचं नाव झालं. टाकायला हवा तो कागद मात्र टाकवला नाही. चोरीचा माल लोक लपवतात. यानं पंचांगात ठेवला, आणि दर पाडव्याला जुन्या पंचांगातून नव्यात हलवला.

आजही तो तिथंच होता. हणमंतरावांनी तो आणून इंदुताईंच्या हातात दिला.

“मी फुटाण्याच्या पुडीवरून घेतलं,” ते म्हणाले. “नाव होतं. मी वाचलं होतं.”

दिलीपनं डोळे मिटले. इंदुताईंनी चष्मा काढला, कागद नाकाशी नेला, आणि बराच वेळ तो तिथंच राहिला.

“हाच,” त्या म्हणाल्या. “कडेला मोर. वडलांना कमळं हवी होती, छापखान्यात मोरच होते.” मग त्यांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. “इथं काय आहे, वाच गं पोरी.”

“शो-भा,” त्रिवेणीनं वाचलं.

“माझी धाकटी बहीण. आमच्या आईला दिसायचं नाही, पण गोधड्या शिवायची, हातानं चाचपून. ओवायचं तेवढं शोभा करायची. लग्नाच्या आदल्या दिवशी सांजेला ती अशीच बसली, आणि घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सुया ओवून भिंतीवरच्या कॅलेंडरला टोचून ठेवल्या. आईनं जपून वापरल्या तरी श्रावणात संपल्या. पुढच्या वर्षी बाळंतपणात शोभा गेली.” त्यांनी कागद मांडीवर ठेवला. इतका वेळ सदाशिव पेठेतलं बोलणाऱ्या इंदुताईंच्या तोंडून एकाएकी परभणी बाहेर आली. “कामून केलं हो तुम्ही असं? कडवं नेलं, न्या. मी काही कवी नव्हते. त्या एका कडव्यापलीकडं आयुष्यात लिहिलं नाही. पण तिचं नाव खोडलं तुम्ही. खोडून तिथं किती जणी बसवल्या?”

“तीनशेच्या वर.”

“तीनशे! आणि मला वाटायचं, माझ्याशिवाय तिची आठवण कुणाला नाही. एक कार्ड टाकलं असतं परभणीच्या पत्त्यावर, नुसतं ‘इंदू’ म्हणून. लहान गाव होतं. पोचलं असतं.”



“चुकलो,” हणमंतराव म्हणाले.

“उद्या ते कडवं तुमच्या तोंडून व्हायचं नाही,” इंदुताई म्हणाल्या. “तुमच्या नावानं तर नाहीच.”

“आई, सगळे कागद छापून झालेत,” किशोरराव हळूच म्हणाले.

“मग खोडा. ह्यांना खोडायची सवय आहे.”

चटईवरून त्रिवेणी म्हणाली, “आजी, मग सुया? सात झाल्यात. थांबवू?”

इंदुताईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या घडीकडे, त्यात टोचलेल्या लाल-हिरव्या शेपट्यांकडे.

“अकरा नव्हत्या त्या,” त्या म्हणाल्या. “तेवीस होत्या.”

“कडव्यात अकरा आहे ना पण?”

“तेवीस वृत्तात बसेना. अकरा बसलं. चुकलं असेल माझं.”

तीस-पस्तीस वर्षं अख्ख्या हैदराबादच्या मुली ज्या आकड्याचं शास्त्र पाळत होत्या, तो आकडा वृत्ताच्या सोयीचा निघाला. पद्मावतीबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू होतं की काय होतं ते कळायला मार्ग नव्हता.

त्रिवेणीनं पाकीट उलटं करून पाहिलं. “यात पंचवीस आहेत. आय कॅन डू ट्वेंटी-थ्री. टेन्शन नको घेऊ आजी.” आणि तिनं आठवी सुई उचलली.

इंदुताई उठून गेल्या नाहीत. तेविसावी सुई टोचली जाईपर्यंत त्या खुर्चीत बसून राहिल्या, ओठ हलवत. मोजत असाव्यात.

संध्याकाळी बैठकीत एक अद्भुत दृश्य होतं. चारशे गुलाबी कागद, पाच बॉलपेनं, आणि दोन्हीकडची मंडळी मांडी घालून हणमंतरावांचं नाव खोडत होती. किशोररावांनी फूटपट्टी मागून घेतली, कारण खोडणं सरळ असावं. दुपारी ‘खरं सांगू नका’ म्हणणारा दिलीप सगळ्यांत जोरात खोडत होता. कागद फाटेल म्हणून मेधानं त्याला एकदा टोकलं. चारमिनारहून परतलेल्या अमेयला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “आमच्या ऑफिसात सगळेच फ्लॉपीवरून कॉपी करतात. पण नाव खोडायला कोणी बसत नाही.” पद्मावतीबाईंनी त्याला एक बेसनाचा लाडू जास्त दिला.

हणमंतराव एकटे बाजूला बसले होते, बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजत. दिवे लागायच्या सुमाराला त्यांनी एक चिठ्ठी इंदुताईंपुढे धरली.

“तुमच्या तीन ओळी तशाच. चौथीचा शेवट ठरलेला असतो, तो ठेवलाय. त्याच्या आधीचं बदललंय. पसंत नसेल तर फाडा.”

इंदुताईंनी वाचलं. मग त्याही पेरांवर मोजू लागल्या. दोन म्हातारी माणसं समोरासमोर बसून बोटं मोजताहेत, हे बघून त्रिवेणीला वाटलं गुण जुळवताहेत.

“‘भगिनिच्या’ ओढूनताणून आहे,” इंदुताई म्हणाल्या.

“आहे.”

“पण बसतंय.” चिठ्ठी त्यांनी चष्म्याच्या घरात ठेवली. उद्याचं काही बोलल्या नाहीत.

मुहूर्त अकरा अडतीसचा. नामपल्लीजवळचा हॉल भरला होता. अंतरपाट धरला गेला. हणमंतरावांनी माईक घेतला आणि गणपतीपासून सुरुवात केली. सावधान. कुलदैवत. सावधान. नद्या. ओळीत बसलेल्या जुन्या मंडळींनी गुलाबी कागदाच्या तळाची ती चारशेवेळा मारलेली रेघ बघितली होती, आणि कुजबुज सुरू होती. त्यातल्या निम्म्या बायांची लग्नं हणमंतरावांनीच लावलेली. कागदाआडून त्यांच्याकडे बघणारे ते चेहरे त्यांना एकेक करून ओळखू येत होते. चौथं संपलं. बायांनी सवयीनं हातरुमाल काढले.

हणमंतरावांनी माईक खाली केला.

“पाचवं कडवं माझं नाही,” ते म्हणाले. “कधीच नव्हतं. तुमच्यापैकी ज्यांच्या लग्नात ते म्हटलं, त्यांचं लग्न पक्कं आहे, काळजी नसावी. कडव्याची मालकीण मात्र आज पहिल्यांदा मांडवात आली आहे. त्यांची इच्छा असेल तर होईल. नसेल तर आज मंगलाष्टक सात कडव्यांचं.”

गुरुजींनी घड्याळाकडे बघितलं. अकरा छत्तीस. हॉलमध्ये कुणाचं तरी तान्हं तेवढं रडत होतं, तेही वेळेआधीच. हणमंतराव माईक पुढे धरून उभे होते.

इंदुताई उठल्या. किशोररावांचा हात त्यांनी नाकारला. माईकपाशी आल्या, काळा चष्मा सरळ केला, आणि म्हणू लागल्या. आवाज पातळ, कापरा; चाल मात्र जुनी परभणीची, हणमंतरावांनी कधी न ऐकलेली. त्यांनी तर फक्त कागद वाचला होता. बेचाळीस वर्षं ते हे कडवं चुकीच्या चालीवर म्हणत आले होते.

तिसरी ओळ आली. तिथं शोभा येईल, यायलाच हवी, असं हणमंतरावांना वाटत होतं. इंदुताई क्षणभर थांबल्या, अंतरपाटाकडे बघितलं, आणि त्या जागी त्रिवेणीचं नाव घेतलं. स्वतःच्या हातानं बहिणीला उचलून जागा करून दिली. मग चिठ्ठी न काढताच चौथी ओळ म्हटली:

“इंदूची कविता, सुया भगिनिच्या, कुर्यात् सदा मंगलम्।”

“शुभ मंगल सावधान!” गुरुजी ओरडले.

अक्षतांचा पाऊस पडला. मेधा रडत होती, दिलीप रडत होता, पुण्याकडची माणसं तिथल्या शिस्तीत रडत होती. बेचाळीस वर्षं पाचव्या कडव्याला हणमंतराव माईकमागून इतरांच्या डोळ्यांकडे बघत आले होते. कोण कधी रडतं हे त्यांना ओळीओळीनं ठाऊक होतं. आज त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं. सगळा हॉल पाण्यात गेला होता. अक्षता मुठीतच राहिल्या होत्या, आणि मूठ उघडत नव्हती.

शेजारी उभ्या पद्मावतीबाईंनी त्यांच्या कोपराला हात लावला.

“टाका की आता,” त्या म्हणाल्या. “ह्या तरी तुमच्या आहेत.”